वेडेवाकडे दात व पालकांचे कर्तव्य

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



दातांविषयी बोलण्यास मी उभा राहिलो, याचे कित्येकांस नवल वाटेल. मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन आयुष्यभर मुलांना शिकविणारा सेवानिवृत्त शिक्षक आहे. परंतु या विषयात माझ्या हातून एक चूक घडली आहे. ती आपणांकडून घडू नये, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

माझी कन्या आठ वर्षांची असताना तिची वरची मागची दुधाची दाढ किडली व काढावी लागली. "दुधाचीच ती, आज ना उद्या पडणारच होती," असे म्हणून मी निश्चिंत झालो. दुधाचे वीस दात मागून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा राखून ठेवतात, हे मला ठाऊक नव्हते. एस.टी.च्या बाकावरील रुमाल उचलला की शेजारचा सरकून बसतो, तसेच तोंडात घडते. सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ पुढे सरकली आणि बाराव्या वर्षी सुळा आला तेव्हा त्यास ओळीत जागाच उरली नाही. तो वरच, हिरडीच्या बाहेरच्या अंगास फुटला. अशा वेळी जागा राखणारी साधी तार बसविता येते, हे मला फार उशिरा कळले.

मुलगी हसताना तोंडावर हात धरू लागली. वर्गात कविता म्हणण्यास उभी राहीना. पुढे परिचय मेळाव्यासाठी छायाचित्र काढविले, तेही ओठ मिटून. मंडळी, आपल्याकडे दातांची आठवण होते ती स्थळे पाहू लागल्यावर, आणि तीही मुलीच्याच. मुलाचे दात पुढे असले तर त्याचे उत्पन्न विचारतात!

हा प्रश्न केवळ रूपाचा नव्हे. दाटीवाटीने आलेल्या दातांत ब्रश नीट पोहोचत नाही, तेथे कीड लागते. पुढे आलेले दात मूल पडले की आधी मोडतात. काहींचे समोरचे दात एकमेकांस टेकतच नाहीत; त्यांना भाकरीचा तुकडा दाताने तोडता येत नाही. अंगठा चोखण्याची सवय फार काळ टिकली तर असे होऊ शकते. काही ठेवण मात्र आईबापांकडूनच येते.

तारांच्या मंद दाबाने दाताच्या एका बाजूचे हाड झिजते व दुसऱ्या बाजूस नवे भरते, म्हणून दात सरकतो. यास साधारण दीड-दोन वर्षे लागतात. लग्नाची तिथी ठरल्यावर धावून उपयोग नाही. तारा काढल्यावरही रिटेनर वापरावा लागतो, नाही तर दात मूळ जागेकडे ओढ घेतात.

प्रत्येक वाकड्या दातास तारा हव्यातच असे नाही. ते तज्ज्ञाने ठरवावे. मूल सात वर्षांचे झाले की एकदा दाखवून घ्यावे. धुळ्यास ए.सी.पी.एम. दंतमहाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरास शासकीय दंतमहाविद्यालय आहे. अशा ठिकाणी खाजगी दवाखान्यापेक्षा खर्च सहसा कमी येतो.

माझ्या कन्येने अखेर तेविसाव्या वर्षी स्वतःच्या पगारातून तारा लावून घेतल्या. गेल्या दिवाळीत तिने आपल्या सात वर्षांच्या मुलीस जळगावी दंतवैद्याकडे नेले, तेव्हा मी सोबत होतो. तपासणी झाल्यावर नात म्हणाली, "आजोबा, आता तुमचे दाखवा!" मग मलाही त्या खुर्चीवर बसावे लागले.