आडनाव न विचारणारी खोली



मला शिष्यवृत्तीवर बोलायला बोलावलं होतं. संयोजकांना विचारून मी विषय बदललाय. दारू सोडायला मदत करणाऱ्या गटांबद्दल बोलते. माझा दादा अशा गटात जातो, मी घरच्या माणसांच्या गटात जाते. हे सगळं त्याला विचारूनच सांगतेय.

आपल्याकडे दारूवर दोनच तऱ्हेनं बोललं जातं. एक म्हणजे वस्तीतल्या दारूविरुद्ध भाषण, आणि दुसरं म्हणजे ‘त्या लोकांत पितातच’ हा टोमणा. आपल्यातला शिकलेला, दिल्लीत नोकरीला लागलेला माणूस पितो, त्याच्यावर कोण बोलणार? दादा घरातला पहिला पदवीधर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतल्या गेलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची एक आहे. आजोबांनी ती मरेपर्यंत पाळली. आई म्हणायची, बाहेर कळलं तर समाजाचं नाव जाईल. म्हणजे एका माणसाच्या यकृतावर सगळ्या समाजाची अब्रू टांगलेली.

हे फक्त आपल्या घरातलं नाही. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. पूर्ण व्यसनात अडकलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो.

आम्ही सुरुवात केली १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनपासून. फोन फुकट लागतो. तिथून सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत गेलो. एक गोष्ट नीट ऐका. रोज भरपूर पिणाऱ्यानं जिद्दीला पेटून एकदम दारू तोडू नये. फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग गट. दादा काही दिवस भरती होता. सुटताना डॉक्टर म्हणाले, औषधानं शरीर सावरेल, संध्याकाळी सात वाजता काय करायचं ते मात्र गटातच शिकायला मिळेल.

तो गट म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, ए.ए. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूच्या व्यसनाशी झगडणारे, एकमेकांशी बोलत बसले, तिथून हे सुरू झालं. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. शेवटी एक पिशवी फिरते, जमेल ते टाकायचं, नाही टाकलं तरी कुणी बघत नाही. बाहेरच्यांची देणगी ते घेत नाहीत.

पहिली मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये होती, इंग्रजीत. दादा तासभर गप्प बसला. ऑफिसात इंग्रजीतून टिपण्या लिहिणारा माणूस, पण आपलं दुःख इंग्रजीत कसं सांगायचं? (इथे बसलेल्या बऱ्याच जणांना हे समजावून सांगायला नको.) मग यमुनेपलीकडची हिंदी मीटिंग शोधली. तिथे प्रत्येक जण स्वतःचं पहिलं नाव सांगतो आणि ‘मैं शराबी हूँ’ म्हणतो. बस्स. दिल्लीत घर भाड्यानं घेताना ‘पूरा नाम?’ हा प्रश्न कशासाठी असतो ते आपल्याला ठाऊक आहे. त्या खोलीत तो कुणी विचारला नाही. दादा तिथे समाजाचं उदाहरण नव्हता, फक्त हात थरथरणारा एक माणूस होता. घरी येऊन त्या रात्री तो जेवला.

पण जात दाराबाहेर चपलांसोबत राहते असं नाही. एकदा कुणीतरी सांगितलं, आरक्षणामुळे प्रमोशन हुकलं म्हणून मी प्यायला लागलो. कुणाचं बोलणं मध्ये तोडायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, हा नियम. दादा पेटून घरी आला. आता जाणार नाही म्हणाला. त्याचा स्पॉन्सर, म्हणजे आधीपासून दारूविना असलेला, याचा हात धरलेला जुना सदस्य, त्याला म्हणाला, ‘गट बदल, मीटिंग सोडू नकोस.’ दादानं गट बदलला. मला विचाराल तर हेच बरोबर. त्या माणसाला आरक्षण समजावणं हे काम आहेच, पण ज्याला आजची संध्याकाळ निभावायची आहे त्याच्या डोक्यावर ते कशाला?

दुसरी अडचण देवाची. ए.ए.च्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, आपल्याला समजेल तसा ईश्वर. आम्ही बौद्ध. पुष्कळ सदस्य गटालाच ती शक्ती मानतात. दादानं तिथे संघ हा शब्द ठेवला. (भिक्खूंचा संघ. दिल्लीत हे स्पष्ट केलेलं बरं.) प्रार्थनेच्या वेळी तो शांत उभा राहतो, कुणी हरकत घेतलेली नाही.

आता माझं. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, १९५१ पासून. तिथे मला कळलं की दादाची दारू मी लावलेली नाही, ती माझ्या ताब्यात नाही आणि मी ती बरी करू शकत नाही. वहिनी हे ऐकून रडली. कितीतरी वर्षं तिला सांगितलं जात होतं की बायको खंबीर असती तर तो प्यायला नसता.

दादा मध्ये एकदा घसरला, पुन्हा गेला. आता चौदा महिने झालेत. पुढचं मी सांगू शकत नाही, तोही सांगत नाही, तो फक्त आजचं सांगतो.

१४४४६ लिहून घ्या. घरच्यांपैकी कुणाला माझ्या गटात यायचं असेल आणि एकट्यानं पायरी चढायचा संकोच वाटत असेल, तर चहाच्या वेळी मला भेटा. सोमवारी मी जाणारच आहे. नाव सांगितलंत तरी पहिलंच सांगा.