चार दारांची दोन दारे

मोटारगाडीला दारे किती असावीत, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा वाटतो. चारांपैकी मागची दोन बुजवली आणि टप थोडा खाली आणला की ऐटदार दोनदारी गाडी तयार झाली, अशी पुष्कळांची समजूत असते. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवरील सौंसर आणि बैतूलकडे जाणाऱ्या वाटेवरील पांढुर्णा या गावांच्या परिसरात एखाद्या संत्राबागाईतदाराच्या कोठीत आजोबांच्या काळची अँबॅसडर किंवा फियाट धूळ खात उभी असेल, आणि घरातील तरुणाने विदेशी गाड्यांची चित्रे पाहिलेली असतील, तर हा विचार त्याच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. विचार वाईट नाही. जुन्या वस्तूविषयी ओढ वाटणे हे संस्कारी मनाचे लक्षण आहे. परंतु करवत हाती घेण्यापूर्वी आपण नेमके काय कापणार आहोत, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

अशा गाडीला ‘कूपे’ म्हणतात. हा शब्द फ्रेंच भाषेतला असून त्याचा अर्थच ‘कापलेला’ असा आहे. घोड्यांच्या बग्ग्यांच्या काळात मोठ्या बंदिस्त बग्गीत समोरासमोर दोन बैठका असत. त्यांपैकी पुढची बैठक कापून टाकली की दोघांपुरती आटोपशीर बग्गी उरे, तीच कूपे. मोटारीने बग्गीचे नाव उचलले आणि अर्थही उचलला. म्हणून दोन दारे असलेली प्रत्येक गाडी कूपे होत नाही. आखूड शरीर, मागे उतरत गेलेला टप आणि पुढच्या दोघांना दिलेले प्राधान्य, ही कूपेची खरी लक्षणे होत.

आता कापण्याचा विचार. बैलगाडीत आख आणि चाके हा एक भाग आणि वरचा साटा हा दुसरा भाग असतो. साटा मोडला तर सुतार नवा घडवून बसवतो. आखाला त्याची खबरही नसते. पूर्वीच्या मोटारी याच रीतीने बनत. खाली भक्कम लोखंडी चासी असे, इंजिन आणि चाके तिला जोडलेली असत आणि वरचे शरीर केवळ तिच्यावर बसवलेले असे. संस्थानिकांना आपल्या मोटारींवर हवी तशी शरीरे बांधून घेता येत, ती यामुळेच. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र पुष्कळ कारखान्यांनी चासी आणि शरीर एकजीव केले. तळ, उंबरठे, खांब आणि टप मिळून एक पेटी बनते आणि ती पेटीच सारा भार वाहते. अशा गाडीत वेगळी चासी शोधू गेल्यास ती सापडत नाही. आपली अँबॅसडर मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घडलेली. ती १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होत असे. मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे लाडाचे नाव दिलेली फियाट ११०० वालचंद हिराचंदांनी स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून बाहेर पडली. या दोन्ही गाड्या एकजीव शरीराच्या आहेत.

याच्या उलट उदाहरण हेरल्डचे आहे. इंग्लंडमधील स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला एकजीव शरीरे पुरवणारा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्धी कंपनीच्या हाती गेला. तेव्हा तिने नाइलाजाने पुन्हा वेगळ्या चासीचा आश्रय घेतला. इटालियन कलावंत मिकेलोत्ती याने तिच्यावर बोल्टांनी जोडता येतील असे शरीराचे भाग रेखले आणि १९५९ साली हेरल्ड बाजारात आली. अडचणीतून मोठी सोय झाली. तीच चासी, तेच इंजिन. पण टप बदलला की कूपे, टप काढला की उघडी गाडी, लांबवला की सामानाची गाडी. म्हणजे हेरल्डची कूपे कोणी मोडतोड करून बनवली नव्हती. तिचा मूळ आराखडाच तसा होता.

हीच हेरल्ड भारतात आली, तेव्हा घडलेली गोष्ट विचार करायला लावणारी आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६० च्या दशकाच्या आरंभी ती दोन दारांचीच काढली. परंतु भारतीय घरात मोटार एकट्यादुकट्याची नसते. मागच्या बैठकीवर आजी असते, नातवंडे असतात, लग्नाचा अहेर असतो. पुढच्या खुर्चीची पाठ दुमडून नऊवारी नेसलेल्या आजीबाईंना वाकवत मागे बसवणे कोणाला रुचेल? त्याच दशकाच्या अखेरीस मद्रासच्या कारखान्याने हेरल्डला चार दारे दिली. तेथे दोन दारांची चार झाली. आज तरुणांना चारांची दोन करावीशी वाटतात. दारांची संख्या ही केवळ ऐटीची बाब नसून घराच्या राहणीशी तिचे नाते आहे, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

तथापि हौसेला मोल नसते. एखाद्याने अँबॅसडरची दोनदारी गाडी करण्याचे ठरवलेच, तर काम कसे चालते ते पाहू. चारदारी गाडीचे पुढचे दार आखूड असते, कारण त्यातून फक्त पुढच्यांनीच चढायचे असते. दोनदारी गाडीत मागच्यांनाही त्याच दाराने आत शिरायचे असल्यामुळे दार लांब करावे लागते. त्यासाठी पुढच्या दाराला मागच्या दाराचा तुकडा जोडतात आणि उरलेला भाग मागच्या अंगाच्या पत्र्यात बुजवून टाकतात. दार लांबले की दोहोंमधला खांब मागे सरकवणे भाग पडते. हा खांब नुसता दाराची चौकट नव्हे. तो टप आणि उंबरठा यांना बांधून धरतो आणि बाजूने आदळणाऱ्या वाहनाचा पहिला तडाखा सोसतो. तो हलवताच पुढच्या व मधल्या खांबांतील अंतर वाढते आणि पेटीचे तोंड रुंद होते. रुंद तोंडाची पेटी लवकर पिळवटते, हे कोणीही सुतार सांगेल.

म्हणून जाणता कारागीर कापण्यापूर्वी गाडी सपाट जागी ठोकळ्यांवर बसवतो, दारांच्या पोकळीत लोखंडी नळ्या आडव्यातिडव्या वेल्ड करतो आणि चौकटीचे कर्ण मोजून लिहून ठेवतो. कर्णात फरक पडला की शरीर वाकले, असे समजायचे. ही काळजी घेतली नाही, तर खांब सुटताच गाडी मधोमध खचते आणि नवे दार कधीच नीट मिटत नाही. त्यानंतर उंबरठ्यांना आतून जाड पत्रा देणे, लांब दाराच्या वाढलेल्या वजनासाठी भक्कम बिजागऱ्या बसवणे, काचा वर-खाली करणारी यंत्रणा नव्याने जुळवणे आणि पुढच्या खुर्च्यांच्या पाठी दुमडत्या करणे ही कामे येतात. टप खाली आणायचा असेल तर काचांचा प्रश्न उभा राहतो. दाराची कडक केलेली काच कापता येत नाही. कापू जाल तर तिचा चुरा होतो. गाडीची लांबीच कमी करायची असेल, तर इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा कापून पुन्हा समतोल करावा लागतो, आणि ब्रेकच्या नळ्या व धुराचा नळ यांची मापेही बदलतात.

याहूनही कठीण गोष्ट म्हणजे जुन्या पत्र्याची प्रकृती. साठ वर्षांच्या उंबरठ्याला बाहेरून रंग असतो आणि आत गंज. त्यावर नवा जाड पत्रा जोडला, तर जोड टिकतो पण त्याच्या शेजारचा जुना पत्रा फाटतो. जीर्ण वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, हा शुभवर्तमानातील दृष्टांत वेल्डिंगच्या कामालाही लागू पडतो. संत्र्याच्या कलमाचेही तसेच आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधताना बागवान आधी खुंट निरोगी आहे की नाही ते पाहतो. डोळा कितीही जातिवंत असो, खुंट किडका असेल तर झाड धरत नाही.

यापुढचा अडथळा कायद्याचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपत्रातील तपशील आणि कारखान्याने मुळात ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. गाडीचा रंग बदलणे निराळे आणि तिचे शरीर कापणे निराळे.

येथे पांढुर्णा आणि सौंसर येथील माणसाची एक खास अडचण आहे. १९५६ पूर्वी नागपूर हीच या प्रदेशाची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत नागपूर तिकडे गेले, हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. पण बाजार, दवाखाना आणि मोटारीचा मिस्त्री यांसाठी पाय अजून नागपूरकडेच वळतात. त्यामुळे गाडी कापणारा कारागीर महाराष्ट्रातला आणि तिचे कागद मध्य प्रदेशातले, असा प्रकार होतो. “आमच्याकडे चालते” हे मिस्त्रीचे आश्वासन नोंदणी कार्यालयात उपयोगी पडत नाही. तेथे उत्तर मालकालाच द्यावे लागते. अपघात घडलाच, तर विम्याच्या दाव्याच्या वेळीही हा बदल उकरून काढला जाईल, हे गृहीत धरावे.

आणखी एक मुद्दा सहसा कोणी लक्षात घेत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. अशा गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो, आणि प्रदर्शने व मिरवणुकी यांत तिला मानाने भाग घेता येतो. अट मात्र एकच महत्त्वाची आहे: गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, तिच्या चासीत, शरीरात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे १९६० च्या दशकातली जी अँबॅसडर आज न कापता सन्मानाची मानकरी ठरते, तीच मधला खांब कापताच तो मान गमावते. हजारो रुपये खर्च करून गाडीची किंमत उतरवणे, हा व्यवहार शहाणपणाचा म्हणता येणार नाही.

मग हौशी तरुणाने काय करावे? हौस मारून टाकावी असे नाही. गाडी मूळ रूपात उभी करणे हेही हाताच्या कौशल्याला पुरेसे आव्हान आहे. गंजलेला उंबरठा मापाने कापून नवा बसवणे, चारही दारे एका बोटाच्या ढकलीने मिटतील अशी जुळवणे, इंजिन पुन्हा सुरळीत चालवणे यांत वर्ष सहज निघून जाते आणि कारागिरीचे शिक्षणही होते. कापण्याचाच मोह आवरत नसेल, तर जिचे आयुष्य संपले आहे अशा मोडीतल्या सांगाड्यावर प्रयोग करावा, आणि तो रस्त्यावर न आणता प्रदर्शनापुरता ठेवावा. आणि आपला आराखडा जाणत्या अभियंत्याला व परिवहन कार्यालयाला करवत लावण्याआधी दाखवावा; नंतर दाखवून उपयोग नाही.

चार दारांच्या त्या गाडीतून कधी काळी आजोबा मंडईला गेले असतील, नवी सून घरी आली असेल, जामसावळीच्या मारुतीच्या दर्शनाला सारे कुटुंब दाटीवाटीने बसून निघाले असेल. मागची दोन दारे त्या माणसांसाठी होती. ती बुजवण्याचा अधिकार वारसाला असेलही. पण ती पुन्हा उघडता येत नाहीत, एवढे ध्यानात ठेवून त्याने निर्णय करावा.