ब्रुसेल्समधील बिअरचे कारखाने

बेल्जमची राजधानी ब्रुसेल्स येथें बिअरचे लहान कारखाने पुष्कळ आहेत. पण प्रवाशानें एका दिवसांत दोहोंपेक्षां अधिक पाहूं नयेत, नाहीं तर जिव्हा आणि विवेक दोन्ही बधिर होतात. पहिला निवडावा तो १९०० सालीं स्थापन झालेला कांतियाँ. तेथें जव व गहूं यांचा काढा तांब्याच्या उथळ पात्रांत रात्रभर उघडा ठेवितात. हवेंतील किण्वच त्यास आंबवितें. मग तो लांकडी पिंपांत एक ते तीन वर्षें मुरतो. हें काम थंडींतच साधतें; हवा उष्ण होत चालल्यानें तो हंगाम आखूड होत आहे. म्हणून प्रथम तेथेंच जावें. दुसरा ‘द ला सेन’ : या शतकांतला, ताज्या कडवट बिअरचा. दोहोंतील अंतर जिभेला कळलें, म्हणजे प्रवास सार्थकीं लागला.