काम नसताना शहरात

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

कुणी आत्ताच शेतातून आली असेल, कुणी भाकरीचं पीठ मळत असेल, कुणी शेंगा फोडत बसली असेल. हात चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या.

आधी एक प्रश्न विचारते. तुम्ही शेवटच्या संभाजीनगरला कधी गेला होता आणि कशाला गेला होता?

हाच प्रश्न मी आमच्या गटाच्या बैठकीत विचारला होता. एक म्हणाली, घाटीत सासूबाईंना ॲडमिट केलं होतं. एक म्हणाली, कोर्टाची तारीख होती. कुणी लग्नाच्या बस्त्याला, कुणी कर्णपुऱ्याच्या देवीच्या जत्रेला, तर पाच-सहा जणी मोर्चाला. शहर बघायला गेले होते, असं एकीनेही सांगितलं नाही. मी स्वतः पंचवीस वर्षं ये-जा करते, पण मलाही तसं म्हणता आलं नसतं.

क्रांती चौक आपल्या पायाखालचा आहे. मागणी कुठलीही असो, मोर्चे तिथूनच निघतात आणि जुन्या शहरातून विभागीय आयुक्त कार्यालयाकडे जातात. ९ ऑगस्ट २०१६ ला मराठा क्रांती मोर्चाची सुरुवात याच चौकातून झाली. त्यात बायका आणि मुली पुढे होत्या, हे तुमच्यातल्या कितीतरी जणींनी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण मोर्चात आपण पुढच्या बाईच्या पाठीकडे बघत चालतो. आजूबाजूला कोणती गल्ली गेली, कुठला दरवाजा आला, काही कळत नाही.

म्हणून आम्ही ठरवलं, एक दिवस त्याच चौकात उतरायचं, पण काहीही काम न घेता.

मैत्रिणींनो, चालण्यापेक्षा घरून निघणंच अवघड होतं. "काय काम आहे?" असं घरोघरी विचारलं गेलं. काही काम नाही, हे उत्तर कुणाला पटेना. एकीने तर सरळ सांगितलं, बँकेत जायचंय. मला ते बरोबर वाटलं नाही. मी म्हटलं, खोटं कशाला? पुरुषमाणसं पारावर तासभर बसतात, तेव्हा त्यांना कुणी काम विचारतं का? शेवटी तिनेही घरी खरं सांगितलं आणि आम्ही नऊजणी निघालो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तरीच्या पुढच्या आमच्या एका आजीला तर तिकीटच नव्हतं. भाकरी, ठेचा, पाण्याच्या बाटल्या बांधून घेतल्या होत्या.

क्रांती चौकात महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याला नमस्कार केला. या जागेचं जुनं नाव काला चबुतरा. १८५७ च्या जून महिन्यात इथल्या छावणीतल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाने इंग्रजांविरुद्ध बंड केलं. इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडणाऱ्या मीर फिदा अलीला फाशी दिलं गेलं. बंडातल्या शिपायांना या चबुतऱ्यावर मारलं, म्हणून पुढे चौकाला क्रांतीचं नाव मिळालं. इतक्या वेळा आपण तिथे घोषणा दिल्या, पण पायाखाली काय घडलंय ते ठाऊक नव्हतं.

तिथून सिल्लेखान्याच्या रस्त्याने पैठण गेटकडे निघालो. सिल्लेखाना म्हणजे हत्यारं ठेवायची जागा. पैठण गेट दक्षिणेचा दरवाजा, नाथांच्या पैठणकडे तोंड करून उभा. उत्तरेला दिल्ली दरवाजा, पूर्वेला जालन्याचा, पश्चिमेला मकाई दरवाजा. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात ते यामुळेच.

हे शहर वसवलं मलिक अंबरने, १६१० साली. तेव्हा इथे खडकी नावाचं गाव होतं. मलिक अंबर हा आफ्रिकेतल्या हबश देशातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झाला. नंतर औरंगजेब आला, तट बांधला, सरदारांच्या नावाने पुरे वसले. मिर्झाराजे जयसिंगाचा जयसिंगपुरा, बिकानेरच्या कर्णसिंहाचा कर्णपुरा. आपण नवरात्रात ओटी भरायला जातो, त्या जागेच्या नावात राजस्थानचा एक राजा आहे.

पैठण गेटातून आत गेलं की गुलमंडी. गुल म्हणजे फूल, मंडी म्हणजे बाजार. तिथेच सुपारी हनुमान. इथे आम्ही मोठा रस्ता सोडला आणि गल्लीत शिरलो. जुन्या शहराची खरी ओळख या गल्ल्यांच्या नावात आहे. रंगार गल्ली रंगाऱ्यांची, कासारी बाजार कासारांचा, कुंभारवाडा कुंभारांचा. धंदे कधीच बदलले, पण नावं राहिली. आमच्यातली एक जण कासाराच्या घरची. ती पाटी वाचून तिथेच थांबली. "माझ्या आज्याचा धंदा या शहराने पाटीवर लिहून ठेवलाय," म्हणाली.

गल्ली इतकी अरुंद, की समोरून गाडी आली तर आपण भिंतीला टेकायचं. वर डोक्यावर जुन्या लाकडी खिडक्या, विजेच्या तारांचं जाळं. एका वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा होता. बाहेरून पडझड झालेली भिंत, पण आत बघितलं तर फरसबंद चौक, मधोमध तुळस, कोपऱ्यात आड, आडाशेजारी पारिजातक आणि जुईचा वेल. आम्ही उंबऱ्याबाहेरच थांबलो. घरातल्या बाईंनी हाक मारली, "अहो, आत या ना, उन्हात का उभ्या?" पाणी दिलं. नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं, म्हणून झाडांना धुण्या-भांड्याचं पाणी घालते, असं सांगितलं. पलीकडच्या गल्लीत एका मुस्लिम आजींनी आमच्या आजीला ओट्यावर बसवलं. "बैठो बहन, थक गए होंगे." दोघींच्या गुडघ्याचं दुखणं एकच निघालं आणि दोघी अर्धा तास बोलत राहिल्या.

पुढे औरंगपुऱ्यातून खडकेश्वराच्या महादेवाला गेलो. खडकी हे जुनं नाव त्या देवाने जपलं आहे. तिथून भडकल गेट. मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून हा दरवाजा बांधला. आज तिथे बाबासाहेबांचा पुतळा आहे. बाबासाहेबांनी १९५० साली याच शहरात मिलिंद महाविद्यालय उघडलं आणि मराठवाड्यातल्या कितीतरी खेड्यांतली मुलं शिकली.

भडकल गेटाच्या पुढे घाटी. तिथे आमच्यातल्या एका वहिनीची पावलं जड झाली. तिच्या मालकांचं शेवटचं आजारपण तिथेच झालं. सतरा दिवस ती वॉर्डाबाहेरच्या फरशीवर बसून होती. तिचा हात धरून आम्ही पाणचक्कीत गेलो. घाटीपासून चालत काही मिनिटांवर.

आत गेल्यावर पाण्याचा मोठा हौद, त्यात मासे, उंचावरून पडणारं पाणी आणि जुना, भला मोठा वड. हा सुफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचा परिसर. कित्येक किलोमीटर दूर, उत्तरेच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून इथे आणलं आहे. ना मोटर, ना वीज. पाणी उतारावरून येतं, भिंतीतून वर चढतं आणि हौदात पडतं. त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि फकीर, वाटसरू, विद्यार्थी यांच्यासाठी पीठ निघायचं. हौदाच्या खाली एक दालन आहे, वरच्या पाण्यामुळे ते उन्हाळ्यातही गार असतं.

ते जातं बघून आमची आजी गप्प झाली. मग म्हणाली, "माझं अर्धं आयुष्य पहाटे तीनला उठून दळण्यात गेलं. आणि इथे पाणी दळत होतं!"

ती वहिनी वडाखाली बसली होती. ती म्हणाली, "सतरा दिवस मी एवढ्याजवळ होते. इथे सावली आहे, पाणी आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. आणि सांगितलं असतं तरी मी आले नसते. आपलं दुःख सोडून बाग बघायला कसं जायचं, असंच वाटलं असतं."

आम्ही तिथेच भाकरी सोडली. बराच वेळ कुणी बोललं नाही.

मैत्रिणींनो, मलिक अंबरच्या काळापासून या शहरात अशा नहरी होत्या. बांधकामं वाढली, नळ फुटले, लोक विसरले. आता पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं आणि तरीही लोक नळाची वाट बघतात. आपल्या गावातही हेच झालं. बारव कचऱ्याने भरली आणि आपण टँकरच्या रांगेत उभ्या राहिलो. जे रोज डोळ्यांसमोर असतं ते आपण बघत नाही, आणि बघितलं नाही की राखतही नाही. परत आल्यावर आमच्या गटाने पहिलं काम काय केलं असेल? गावातली बारव बघायला गेलो. झुडपं काढायला सुरुवात केली आहे.

तुम्हाला जायचं असेल तर चार गोष्टी सांगते. पाच-सहाजणी मिळून जा. सकाळी लवकर निघा आणि पायात चांगली चप्पल असू द्या. स्वच्छतागृहाची अडचण जुन्या शहरात बायकांना फार होते, म्हणून बसस्थानकावरच जाऊन घ्या आणि पुढे विचारायला लाजू नका. कुणाच्या दारात न विचारता शिरू नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. ती कुणाची तरी घरं आहेत. वेळ उरला तर दिल्ली दरवाजाजवळच्या हिमायतबागेत जा. मोगलांच्या काळातली ही बाग आज कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. शेतकरणीला तिथली आंब्याची झाडं बघूनच समाधान वाटेल.

आणि घरी कुणी विचारलं, काय काम आहे, तर खरं सांगा. म्हणा, काही काम नाही, बघायला चाललेय. पहिल्यांदा हे बोलताना जीभ अडखळते. आमचीही अडखळली होती. पण त्या वहिनीने परवाच्या बैठकीत स्वतःहून विचारलं, "आता पुढच्या वेळी कुठे जायचं?"

तुमच्या गटात विचारा आणि आम्हाला कळवा. नमस्कार.