वर्गणी मागण्याचा संकोच



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर थोर विषयांची चर्चा व्हावी, अशी प्रथा आहे. माझा विषय त्या मानाने अगदीच घरगुती आहे. शाळेच्या पालकसभेत एखाद्या कामासाठी पैसे जमवायचे ठरले, की भलीभली माणसे एकदम जमिनीकडे पाहू लागतात. असे का होते आणि त्यावर उपाय काय, एवढेच मला आज सांगायचे आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. परंतु गेली तीस वर्षे कामगारांकडून वर्गणी गोळा करणे हा माझा नित्याचा उद्योग आहे. त्या एका शास्त्रात मला थोडीफार गती असावी, असे समजून चालकांनी मला येथे उभे केले आहे.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतो. आमच्या भागातल्या एका नगरपालिकेच्या शाळेत सातवीच्या वर्गाची रायगडला सहल ठरली. वर्गात मुले ४१, आणि खर्च माणशी ७०० रुपये. नावे आली २७. राहिलेल्या १४ मुलांना बाईंनी एकेकाला जवळ बोलावून विचारले. एक म्हणाला, "मला गाडी लागते." दुसरा म्हणाला, "मामाकडे जायचंय." तिसरी मुलगी म्हणाली, "मला किल्ले आवडत नाहीत." मंडळी, गरिबी लपवण्याची विद्या बारा वर्षांच्या मुलाला कोणी शिकवावी लागत नाही!

हिशेब सरळ होता. १४ मुलांचे ९,८०० रुपये. पालकांच्या बैठकीत सर्वांना हळहळ वाटली, परंतु मागायला कोण जाणार? एक गृहस्थ म्हणाले, "मी माझे पाचशे आत्ता देतो, पण दुसऱ्याच्या दारात जाणं मला जमायचं नाही." एक भगिनी म्हणाल्या, "अहो भाऊ, लोकांना वाटेल आपल्याच मुलासाठी मागतोय." शेवटी कोणीतरी पालकांच्या गटात फोनवरून निरोप टाकला आणि मागण्याचे काम झाले असे सर्वांनी मानले. तीन आठवड्यांत दोन जणांचे पैसे आले. जो निरोप सगळ्यांना असतो, तो कोणालाच नसतो, हे आम्ही युनियनवाले फार पूर्वी शिकलो आहोत.

आता हा संकोच आहे तरी काय, ते पाहू. त्याची मला तीन मुळे दिसतात.

पहिले मूळ म्हणजे मागणे आणि भीक हे आपण एकच समजतो. भिकारी स्वतःसाठी मागतो आणि मिळालेल्या पैशाचा हिशेब देत नाही. वर्गणी मागणारा दुसऱ्यांसाठी मागतो, आधी स्वतः देतो आणि नंतर हिशेब देतो. हा फरक आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्यामागे कोणी संस्थानिकाचा खजिना नव्हता. खेड्यातल्या बायकांनी दळणाकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे आणि ते वसतिगृहातल्या मुलांच्या पोटी जावे, अशी त्यांची मुष्टिफंडाची योजना. पण मूठ मागण्यापूर्वी त्यांच्या घरातून काय गेले होते? लक्ष्मीबाईंचे दागिने गेले होते, मंगळसूत्रसुद्धा गेले होते. ज्याच्या घरातून आधी गेले आहे, त्याला दुसऱ्याच्या उंबऱ्यावर मान खाली घालावी लागत नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला. त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. एक पैसा देणाऱ्याला उपकार केल्यासारखे वाटत नाही आणि घेणाऱ्याला मिंधेपणा येत नाही. रक्कम लहान ठेवण्यातले मर्म हेच आहे.

दुसरे मूळ नकाराच्या भीतीचे. "नाही" ऐकले की आपला अपमान झाला असे वाटते. वास्तविक नकार तुम्हाला नसतो. तो त्या घरातल्या महिन्याच्या विसाव्या तारखेला असतो! कारखान्याच्या दारात वर्गणी पगाराच्या दुसऱ्या दिवशी मागतात, पंचवीस तारखेला मागत नाहीत. तरीही कोणी नाही म्हटले, तर "बरं दादा, सभेला मात्र या" एवढे म्हणून पुढे जावे. पैसे न देणारा माणूस सभेला आला, तर सौदा वाईट नाही. आणि एकट्याने जाऊ नये, दोघांनी जावे. दोघे असले म्हणजे मागणाऱ्याला धीर येतो आणि देणाऱ्याला विश्वास.

तिसरे मूळ सर्वांत खोल आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मागितले की हिशेब द्यावा लागतो! ज्या क्षणी मी तुमचे पन्नास रुपये घेतो, त्या क्षणी मला जाब विचारण्याचा हक्क मी तुमच्या हातात देतो. आपल्याला दार ठोठावण्याची लाज वाटते असे आपण म्हणतो. पुष्कळदा भीती असते ती उद्या आपले दार कोणी ठोठावील याची. म्हणून पालकसभांना एखादा धनिक फार आवडतो. त्या शाळेतही एक कंत्राटदार पुढे आले होते. सगळे दहा हजार एकरकमी देतो, फक्त बसवर माझ्या नावाचा फलक लावा आणि मुलांचा एक फोटो काढू द्या, एवढीच त्यांची अट. कोणाच्या दारात जायला नको, पावत्या फाडायला नकोत, हिशेब वाचायला नको. परंतु त्या फोटोत कोणती मुले उभी राहिली असती? ज्यांनी गाडी लागते असे सांगून अब्रू राखली होती, तीच!

समितीने ती देणगी नम्रपणे नाकारली आणि युनियनची रीत धरली. आधी समितीच्या सभासदांनी आपापली वर्गणी भरली. मग छापील पावतीपुस्तक आणले. दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत, अशी खात्यावर व्यवस्था केली. दोघादोघांच्या जोड्यांनी घरे वाटून घेतली. फक्त सातवीच्या नव्हे, साऱ्या शाळेच्या पालकांकडे गेले. कोणी किती दिले, याची यादी फळ्यावर लावायची नाही, आणि मुलांच्या हाती निरोप किंवा पाकीट द्यायचे नाही, हे दोन नियम केले. कोणासाठी मागतो हेही सांगायचे नाही. "वर्गातले एकही मूल मागे राहू नये म्हणून" एवढेच सांगायचे. कोणी पाचशे दिले, कोणी वीस. आठ दिवसांत गरजेपुरते पैसे जमले.

मग खर्चाचा अंदाज सांगण्यासाठी सभा भरली. वीस रुपये देणाऱ्यांपैकी एक बाई, चार घरची धुणीभांडी करणारी, मागच्या बाकावरून उठल्या. त्यांनी विचारले, "खासगी गाडी कशापायी केली? शाळेच्या सहलीला यष्टी सवलतीत मिळते ना?" सभा गप्प झाली. एस. टी. महामंडळ शाळांच्या सहलींना प्रासंगिक करारावर सवलत देते, ही गोष्ट त्या खोलीत इतरांनाही ठाऊक असेल. पण विचारण्याचा हक्क आपला आहे असे त्या बाईंना वाटले, कारण त्यांच्याजवळ वीस रुपयांची पावती होती. गाडी बदलली. ४१ मुले रायगड पाहून आली, आणि शिल्लक रक्कम पुढच्या वर्षासाठी खात्यात राहिली. कंत्राटदाराच्या पैशात सहल झाली असती. हा प्रश्न मात्र निघाला नसता. वर्गणी पैशासाठी असतेच, पण पैशाहून मोठी गोष्ट ती करते. ती प्रेक्षकाला मालक करते.

कामगार संघटनांना हे कायद्यानेही शिकवले. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने युनियनवर दर वर्षी तपासलेला हिशेब सरकारदरबारी दाखल करण्याचे बंधन घातले. १९६० च्या दुरुस्तीने सभासदाची वर्गणी दरमहा पंचवीस पैशांपेक्षा कमी नसावी असे ठरवले. पंचवीस पैशांनी युनियनची तिजोरी काय भरणार? पण वर्गणी भरणारा सभासद आणि नुसता टाळ्या वाजवणारा, यांत कायद्यालाही भेद करावासा वाटला.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा वर्गणीवाला सरकारला मोकळे सोडतो असे तुम्ही म्हणाल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पिण्याचे पाणी, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, क्रीडांगण, कुंपण, ग्रंथालय या गोष्टी त्या कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेल्या आहेत. त्यांच्यासाठी पालकांनी पावतीपुस्तक काढू नये. तिथे अर्ज करावा, स्मरणपत्र पाठवावे आणि गरज पडल्यास मोर्चा न्यावा. प्रवेशाच्या वेळी देणगी मागणे हा तर त्याच कायद्याने गुन्हा आहे. वर्गणी हक्काच्या पलीकडच्या गोष्टींसाठी असावी, आणि ती ऐच्छिकच असावी. सक्तीची वर्गणी म्हणजे फी, आणि लाजवून घेतलेली वर्गणी म्हणजे दंड.

याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि निम्म्या सभासद स्त्रिया असाव्यात असे सांगितले. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे हे त्या समितीचे काम. कागदावर हा अधिकार फार मोठा आहे. पण जी समिती आपल्याच शेजाऱ्याकडे शंभर रुपये मागू शकत नाही, ती नगरपालिकेकडे लाखाचा हिशेब कशी मागणार? दोन्ही ठिकाणी लागणारा कणा एकच आहे. आपला हिशेब भिंतीवर लावणाऱ्यालाच दुसऱ्याचा हिशेब ताठ मानेने विचारता येतो.

तेव्हा आपल्यापैकी जे पालक आहेत, त्यांना माझी विनंती अशी. जूनमध्ये शाळा उघडतील, सभा भरतील, आणि कोणीतरी विचारील, "घरोघर कोण जाणार?" त्या वेळी खाली पाहू नका. आधी आपली पावती फाडा, शेजारच्याला सोबत घ्या आणि पहिल्या दारावर थाप मारा. आत कोणीतरी "या" म्हणण्याची वाट पाहत असते. त्यांना आजवर कोणी विचारलेलेच नसते.