छायाचित्रांचे पुस्तक कोणाच्या हाती पडते?



१९६७ साली न्यूयॉर्कच्या रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेने ‘हाउस ऑफ बॉन्डेज’ नावाचा छायाचित्रग्रंथ प्रसिद्ध केला. दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीयांचे जीवन हा त्याचा विषय, आणि प्रिटोरियाजवळच्या वस्तीत वाढलेला अर्नेस्ट कोल हा सत्तावीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण त्याचा कर्ता. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने या ग्रंथावर बंदी घातली. म्हणजे ज्यांचे चेहरे, ज्यांची घरे, ज्यांची मुले त्या पानांवर होती त्यांना तो पाहता येऊ नये, आणि ज्यांनी यांपैकी काहीच भोगलेले नव्हते त्यांना तो न्यूयॉर्कच्या दुकानात विकत मिळावा, अशी व्यवस्था झाली. समाजदर्शी छायाचित्रांचे पुस्तक निघणे इतके अवघड का असते, या प्रश्नाचा विचार या विपरीत घटनेपासून सुरू करणे योग्य होईल.

कोलचा जन्म १९४० चा. बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांना केवळ चाकरीपुरते शिक्षण देण्याचे ठरवले, तेव्हा त्याने शाळा सोडली आणि पत्राद्वारे अभ्यास केला. ‘ड्रम’ या मासिकात तो मदतनीस म्हणून लागला. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराचे मॉस्कोतील सामान्य माणसांवरचे पुस्तक त्याच्या पाहण्यात आले आणि आपल्या लोकांचे असे पुस्तक करावयाचे, हा ध्यास त्याने घेतला. परंतु काळ्या माणसाला पासाशिवाय रस्त्यावर फिरता येत नव्हते. ज्या ट्रान्सवालमध्ये १९०८ साली गांधीजींच्या नेतृत्वाखाली हिंदी लोकांनी नोंदणीचे दाखले जाळले, त्याच ट्रान्सवालमध्ये अर्धशतकानंतरही माणसाची किंमत त्याच्या खिशातल्या कागदावर ठरत होती! कोलने आडनावाचे स्पेलिंग बदलले आणि सरकारदरबारी स्वतःची नोंद ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवर्णीय, अशी करून घेतली. वंशाची वर्गवारी हा त्या राजवटीचा पाया होता. त्या पायातल्याच एका फटीतून हा तरुण हिंडू लागला.

खाणीत भरती होणाऱ्या मजुरांना वैद्यकीय तपासणीसाठी विवस्त्र करून, हात वर करून भिंतीकडे तोंडे वळवून रांगेत उभे केले जाई. ते छायाचित्र त्याने कॅमेरा लपवून काढले. पास तपासणारे पोलिस, गच्च भरलेल्या आगगाड्या, गोऱ्यांच्या मुलांना सांभाळणाऱ्या मोलकरणी, जमिनीवर बसून लिहिणारी शाळकरी मुले, उठवल्या जाणाऱ्या वस्त्या, दूर ओसाडीत हद्दपार केलेली माणसे, अशी एकेक प्रकरणे तो वर्षानुवर्षे जमवीत गेला. १९६६ साली पोलिसांनी त्याला पकडले आणि खबऱ्या होण्याचा पर्याय पुढे ठेवला. त्याने फ्रान्समधील लूर्द येथील यात्रेचे निमित्त सांगून देश सोडला. तो पुन्हा कधीही परतला नाही.

वृत्तपत्रांत छायाचित्रे छापून येत असताना ग्रंथाचाच हट्ट कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. तो रास्त आहे. वृत्तपत्र एक छायाचित्र घेते आणि त्याची घटना बनवते. हात वर केलेल्या त्या मजुरांचे एकच चित्र पाहिले तर एखाद्या निर्दय अधिकाऱ्याचा राग येतो. त्याच्या आगेमागे पास, आगगाडी, शाळा आणि दवाखाना यांची चित्रे आली म्हणजे अधिकारी गौण ठरतो आणि व्यवस्था दिसू लागते. कोणत्या चित्रानंतर कोणते, समोरासमोरच्या दोन पानांवर काय, कोणत्या चित्राला सगळे पान आणि कोणत्याला कोपरा, यांतून युक्तिवाद उभा राहतो. आणि हा क्रम ठरवण्याचा अधिकार पुष्कळदा छायाचित्रकाराच्या एकट्याच्या हाती राहत नाही. कोलच्या ग्रंथाच्या मजकुरासाठी थॉमस फ्लॅहर्टी या लेखकाचे साहाय्य घेण्यात आले. प्रस्तावना जोसेफ लेलिवेल्ड या अमेरिकी बातमीदाराची होती. ही मंडळी सहृदय होती, लेलिवेल्ड यांना तर दक्षिण आफ्रिकेने देशाबाहेर काढलेले होते. तरीही काळ्या माणसाची साक्ष बाजारात यावयाची तर शेजारी गोऱ्या माणसाची ग्वाही हवी, हे वास्तव नजरेआड करता येत नाही. कृष्णवर्णीयांची कला, त्यांचे संगीत, त्यांचे नैपुण्य दाखवणारा एक विभाग कोलजवळ तयार होता. १९६७ च्या ग्रंथात तो आला नाही. तो छापला गेला २०२२ साली, ॲपर्चर या संस्थेने काढलेल्या नव्या आवृत्तीत. दुःख छापले गेले. दुःखितांची प्रतिभा पंचावन्न वर्षे पेटीत राहिली.

खुद्द कोल मात्र परागंदा झाला. अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये काही वर्षे काम केल्यावर त्याचे छायाचित्रण थांबले. न्यूयॉर्कमध्ये काही काळ तो बेघर होता. ११ फेब्रुवारी १९९० रोजी नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले, आणि त्याच महिन्यात अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी कोल परदेशातच मरण पावला. त्याच्या साठ हजारांहून अधिक निगेटिव्हज २०१७ साली स्टॉकहोममधील एका बँकेच्या तिजोरीतून बाहेर आल्या.

हे हुकूमशाहीतले झाले. जेथे बंदीहुकूम नसतो तेथे काय घडते, हेही पाहिले पाहिजे. १९३६ च्या उन्हाळ्यात ‘फॉर्च्यून’ या धनिकांच्या मासिकाने जेम्स एजी हा लेखक आणि वॉकर इव्हान्स हा छायाचित्रकार यांना अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील कापूस पिकवणाऱ्या कुळांवर लिहिण्यासाठी पाठवले. तीन कुटुंबांचे वृत्तांत घेऊन दोघे परतले. मासिकाने तो लेख छापला नाही. हार्पर या प्रकाशनसंस्थेने ग्रंथ स्वीकारला, परंतु फेरफार मागितले. ते नाकारले गेल्यावर करार मोडला. अखेर १९४१ साली हॉटन मिफ्लिनने ‘लेट अस नाउ प्रेज फेमस मेन’ या नावाने तो काढला. तोवर मंदी ओसरली होती, महायुद्ध दाराशी आले होते, आणि गरीब कुळांविषयीचे कुतूहल संपले होते. पहिल्या वर्षी जेमतेम ६०० प्रती खपल्या. १९६० साली दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्याला थोरवी लाभली. त्याआधी पाच वर्षे एजी वारला होता. येथे कोणत्याही पोलिसाने पुस्तक जप्त केले नाही. त्याची गरजच पडली नाही.

या दुसऱ्या प्रकारच्या बंदीचे शास्त्र साधे आहे. कादंबरी कोणत्याही कागदावर छापता येते. छायाचित्राच्या करड्या छटा बारीक ठिपक्यांत उतरवाव्या लागतात. कागद हलका असला तर ते ठिपके शाईत बुडतात आणि माणसाच्या चेहऱ्याचा काळा डाग होतो. म्हणून कागद जाड आणि गुळगुळीत हवा, छपाई काळजीपूर्वक हवी, बांधणी अशी हवी की जोडपानावरचे चित्र शिवणीत गडप होऊ नये. प्रती हजारच काढल्या तर प्रत महाग पडते. पाच हजार काढल्या तर गठ्ठे गोदामात पडून राहतात. पूर्वी जस्ताचे ठसे करावे लागत, नंतर ऑफसेट आली, आता संगणकाने पुष्कळ सोय केली आहे. परंतु कागदाचे बिल कोणत्याही यंत्राने माफ केलेले नाही. साहजिकच जगभर पुष्कळ छायाचित्रग्रंथांच्या बाबतीत प्रकाशक छायाचित्रकारालाच खर्चाचा वाटा उचलावयास सांगतो. ज्याला तो उचलता येतो त्याचे पुस्तक निघते. मग हिमालयाचे, राजवाड्यांचे आणि वाघांचे ग्रंथ थाटात निघावेत आणि खाणमजुरांचे निघू नयेत, यात नवल ते काय? पहिल्यांना पर्यटन खाती आणि कंपन्या भेटीदाखल घाऊक गिऱ्हाईक म्हणून मिळतात. दुसऱ्यांना तसे गिऱ्हाईक नसते.

याला अपवाद कसा निर्माण होतो, याचे एक उदाहरण मुंबईतच आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी यांनी सुनील जाना या तरुण छायाचित्रकाराला बरोबर नेले. त्याची छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या पक्षपत्रात छापली गेली. कम्युनिस्टांच्या त्या काळातील धोरणाविषयी समाजवाद्यांचे मतभेद तीव्र होते आणि ते इतिहासाने पुसलेले नाहीत. परंतु दुष्काळ चालू असतानाच त्याची चित्रे कामगारांच्या हाती पडली, ही गोष्ट कोणत्याही प्रकाशनगृहाला साधली नसती. जाना २०१२ साली निवर्तले, आणि त्यांच्या जीवनकार्याचा मोठा ग्रंथ २०१३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढला. स्वस्त कागदावरच्या पक्षपत्राने वेळ साधली, चांगल्या कागदावरच्या ग्रंथाने चित्र टिकवले. दोहोंमध्ये सत्तर वर्षे गेली.

हे अंतर कमी करणे अशक्य नाही, पण त्याचा भार एकट्या छायाचित्रकारावर टाकून ते होणार नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली. ती प्रदर्शनांतून पाहून भलेभले अस्वस्थ झाले. प्रदर्शन मात्र आठवड्याने उतरते. अशा कामाचा स्वस्त मराठी छायाचित्रग्रंथ प्रत्येक कामगार संघटनेच्या कचेरीत आणि तालुक्याच्या वाचनालयात का असू नये? एकोणिसाव्या शतकात मराठी ग्रंथकर्ते आधी आश्रयदात्यांची यादी करीत, आगाऊ वर्गणी गोळा करीत आणि मगच छापखान्याकडे जात. आश्रयदात्यांची नावे पुस्तकात छापली जात. ती पद्धत सावकार-संस्थानिकांपुरतीच राहिली पाहिजे असे नाही. एका युनियनच्या हजार सभासदांनी प्रत्येकी एक प्रत आगाऊ नोंदवली तर पहिल्या आवृत्तीचा कागद येतो. दुसरी प्रत साध्या कागदावर, मोजक्या चित्रांची, एका फर्म्याची काढता येते; ती सभेच्या दाराशी विकावी. चित्रांखालचा मजकूर ज्यांची चित्रे आहेत त्यांना आधी वाचून दाखवावा, त्यांनी सुचवलेली दुरुस्ती करावी, आणि त्यांची प्रत त्यांच्या घरी पोचती करावी. हे काम कार्यकर्त्यांचे आहे, आणि ते छपाई सुरू होण्यापूर्वीच हाती घ्यावे लागते.