हात लावण्यापूर्वीं



माझी थोरली बहीण, अक्का, आज चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वीं तिची कंबर धरली, तेव्हां मीं तिला शहरांतील एका दवाखान्यांत नेलें. तेथील तरुण गृहस्थांनीं कागद पाहिले आणि मान वर न करतां तिला लुगडें सोडून पालथें पडण्यास सांगितलें. अक्का उठली, वहाणा घालून बाहेर आली व म्हणाली, "आतां नाहीं दुखत." पुढें आठ महिने तिनें कंबरेचें नांव काढलें नाहीं. पूजेला मात्र ती पाटाऐवजीं खुर्चीवर बसूं लागली होती. हें माझ्या ध्यानांत फार उशिरां आलें.

पुढें ती मुलाकडे न्यूझीलंडांत ऑकलंडला गेली. भाच्यानें तिला तेथील एका ऑस्टिओपॅथ बाईंकडे नेलें. ऑस्टिओपॅथी म्हणजे सांधे, स्नायू व कणा हातांनीं चाचपून, दाबून व फिरवून उपचार करण्याची पद्धति. आपणांस हाडवैद्याची आठवण होईल, पण हिचा उगम अमेरिकेंतला. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टराचीं मुलें १८६४ मध्यें मेंदूच्या आवरणाच्या दाहानें दगावलीं. त्या काळच्या औषधांवरील त्याचा विश्वास उडाला. १८७४ मध्यें त्यानें हा नवा मार्ग मांडला आणि १८९२ मध्यें मिसूरींतील कर्क्सव्हिल येथें शाळा काढली. पहिल्याच वर्गांत स्त्रियाही होत्या. बहुतेक रोगांचें मूळ शरीररचनेच्या बिघाडांत आहे, हा त्याचा दावा पुढील शास्त्रानें मान्य केला नाहीं. बापाच्या दुःखांतून निघालेला म्हणून कोणताही सिद्धान्त खरा ठरत नसतो.

न्यूझीलंडांतील मूळचे माओरी लोक मस्तक पवित्र मानतात. परक्यानें न विचारतां त्यास हात लावणें हा त्यांस अपमान वाटतो. हातांनींच उपचार करणाऱ्यास हें ठाऊक नसेल तर पहिल्या स्पर्शासच रोगी दुरावतो. इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेनें तेथें 'सांस्कृतिक सुरक्षितता' हा विचार रुजविला. शुश्रूषा सुरक्षित झाली कीं नाहीं, हें शुश्रूषा घेणाऱ्यानें ठरवावयाचें, असें तिचें म्हणणें. १९९२ मध्यें तो परिचारिकांच्या शिक्षणांत आला. आणि २००३ च्या कायद्यानें ऑस्टिओपॅथांसह सर्व नोंदणीकृत व्यवसायांच्या मंडळांस या बाबतींतही पात्रतेचे दंडक ठरविणें भाग पडलें.

कायदा कागदावर राहतो, हा आपला नेहमींचा अनुभव. येथें तो खोलींत उतरला होता. दुभाष्याचें काम मुलानें करावें कीं सुनेनें, हें बाईंनीं अक्कालाच विचारलें. अक्कानें सुनेकडे बोट दाखविलें. मुलगा बाहेर बसला. कोठें दुखतें याच्या आधीं, काय करतां येईनासें झालें, हा प्रश्न आला. "पाटावर बसून उठतां येत नाहीं," अक्का म्हणाली. सुनेनें जमिनीवर बसून पाट म्हणजे काय तें दाखविलें. लुगडें अंगावर तसेंच राहिलें, वर चादर आली, आणि प्रत्येक वेळीं विचारूनच हात लागला. या वयांत हाडें ठिसूळ असूं शकतात, म्हणून डॉक्टरांचे अहवाल पाहून मगच सुरुवात झाली. मणका कडकन् वाजविण्याचा प्रकार मुळींच झाला नाहीं. निम्मा वेळ व्यायाम शिकविण्यांत गेला, आणि तें योग्यच. कारण कंबरदुखीवर हातांचे उपचार व्यायामाच्या जोडीनेंच करावेत, असें ब्रिटनमधील २०१६ च्या वैद्यकीय मार्गदर्शिकेंतही सांगितलें आहे. मात्र कंबरदुखीबरोबर पायांतील बळ जाऊं लागलें, मलमूत्राचा ताबा सुटला, ताप आला अथवा वजन उतरूं लागलें, तर असल्या उपचारांत वेळ न दवडतां इस्पितळ गाठावें.

सारें ऐकतांना मला माझी शाळा आठवली. "ताठ बस" म्हणत मीं किती मुलांच्या पाठींत बोट खुपसलें असेल! एकासही विचारलें नाहीं कीं, बाबा, वांकून कां बसतोस?

अक्का गेल्या दिवाळींत परत आली. कंबर पूर्ण बरी झालेली नाहीं. खुर्ची मात्र सुटली. पूजेला ती आतां चौरंगावर बसते. सुताराकडून त्याचे पाय दोन बोटें कापून घेतले आहेत, आणि आणखी दोन बोटें केव्हां कापावयाचीं तें तीच सांगणार आहे.